दळण किती बारीक? बिअरच्या माल्टची गिरणी आणि गाळणी : एक थ्रेड

१/
गिरणीत डबा ठेवताना आपण न चुकता एक सूचना देतो. भाकरीला ज्वारी बारीक, थालीपिठाची भाजणी जरा जाडसर, लापशीला गव्हाची भरड. गिरणी तीच आणि धान्यही बहुधा तेच, पण जाडी चुकली की पदार्थ बिघडला. आजचा विषय हीच साधी सूचना आहे. फक्त धान्य वेगळे आणि काळाचा पल्ला काही हजार वर्षांचा. बिअरसाठी लागणारे माल्ट किती बारीक दळावे, हा प्रश्न माणसाने कसा सोडवला, आणि पाट्यापासून रोलरपर्यंत बदलत गेलेल्या साधनांनी त्याचे उत्तर कसे बदलले, ते पाहू.

२/
प्रथम माल्ट म्हणजे काय, हे पाहू. नाचणीचे सत्त्व घरी केलेल्यांना ते निराळे सांगायला नको. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, दळायची आणि वस्त्रगाळ करायची. बिअरसाठी हेच जवाचे, म्हणजे बार्लीचे केले जाते. जव भिजवून मोड आणतात आणि मोड फार वाढण्याआधी भट्टीच्या उष्णतेने वाळवतात. मोड येताना दाण्यात जी विकरे तयार होतात, ती पुढे कोमट पाण्यात पिठाचे रूपांतर साखरेत करतात. अशा एका विकराचा, डायास्टेजचा, शोध १८३३ मध्ये पायाँ आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधूनच लावला. ही क्रिया मात्र माणूस त्याआधी हजारो वर्षे वापरत होता.

३/
जवाच्या दाण्याचे दोन भाग लक्षात ठेवा, कारण सगळा इतिहास या दोन भागांच्या ओढाताणीचा आहे. आत पिठूळ गर, बाहेर चिवट टरफल. गर जितका बारीक, तितके पाणी आत लवकर शिरते आणि तितकी साखर अधिक सुटते. म्हणजे बारीक दळावे. परंतु साखर सुटल्यावर तो गोड द्रव, ज्याला वर्ट म्हणतात, चोथ्यापासून वेगळा करावा लागतो. ते काम टरफले करतात. पिंपाच्या तळाशी भोके पाडलेला दुसरा तळ असतो. त्यावर टरफलांचा सैल थर बसतो आणि वर्ट त्यातून गाळला जातो. टरफलाचा भुगा झाला तर ही गाळणी उरत नाही. म्हणजे जाड दळावे.

४/
गाळणी तुंबली की काय होते? पीठ आणि भुगा मिळून चिखलासारखा लगदा बनतो, वर्ट थेंब थेंब पडू लागतो आणि शेवटी थांबतो. ब्रुअरीत ही आपत्तीच मानली जाते. अख्ख्या दिवसाचे काम पिंपात अडकून पडते. शिवाय टरफलांचा चुरा झाला की त्यातील तुरटपणा द्रवात अधिक उतरतो.

फ्रेंच अभियंता आंरी दार्सी याने १८५६ मध्ये वाळूच्या थरातून वाहणाऱ्या पाण्याचा नियम मांडला. त्या विचाराचा पुढे जो विस्तार झाला, त्यानुसार कणांचा आकार निम्मा झाला की तेवढ्याच थरातून, तेवढ्याच दाबाखाली, प्रवाह साधारण एक चतुर्थांशावर येतो. बारीकपणाची किंमत अशी झपाट्याने वाढते.

५/
आता प्राचीन काळाकडे. इजिप्तमध्ये मेकेत्रे नावाच्या उच्चाधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडी प्रतिकृतींचा संच सापडला. तो इसवी सनापूर्वी २००० च्या आसपासचा. त्यात एक बेकरी आणि ब्रुअरी एकाच छताखाली आहे. तिथल्या बायका उतरत्या दगडी पाट्यावर ओणव्या होऊन धान्य रगडताना दिसतात. हे साधन म्हणजे आपल्या पाटा-वरवंट्याचे नातलग. त्यावर दळण हवे तितके बारीक करता येते, पण प्रत्येक फेरीला अंगाचे बळ लागते. बारीक म्हणजे अधिक फेऱ्या, अधिक तास.

६/
त्या तासांची नोंद हाडांवर राहिली आहे. सीरियातील अबू हुरेरा या नवाश्मयुगीन वस्तीतील सांगाड्यांचा अभ्यास थेया मॉलेसन यांनी केला. पायाची बोटे, गुडघे आणि पाठीचे मणके यांवर, विशेषतः स्त्रियांच्या सांगाड्यांत, सतत गुडघे टेकून रगडल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. ते दळण मुख्यतः अन्नाचे होते. पण साधन तेच आणि अंगही तेच. दळणाची जाडी ही केवळ चवीची बाब नव्हती, हे इथे ध्यानात येते. जेव्हा दगड हाताने ओढायचा असतो, तेव्हा “आणखी बारीक” या शब्दांचा भार कुणाच्या तरी गुडघ्यांवर पडतो.

७/
मग त्या काळी भरडच वापरली, तर टरफलांचे काय? मेसोपोटेमियाच्या मुद्रांवर उत्तर कोरलेले आहे. मोठ्या भांड्याभोवती माणसे बसली आहेत आणि लांब नळ्यांनी पीत आहेत. वर तरंगणारी टरफले आणि कोंडा तोंडात जाऊ नये म्हणून ही युक्ती. इजिप्तमधील अमर्ना येथील एका शिळेवरही असाच नळीने पिणारा परदेशी सैनिक दिसतो. नळीच्या टोकाला बारीक छिद्रांची गाळणी बसवलेली आढळते.

या तपशिलात आपल्या विषयाचे मर्म आहे. गाळणी पिणाऱ्याच्या ओठाशी होती, म्हणून दळण कसेही चालत होते. गाळण्याची जागा बदलली की दळणाची अट बदलते.

८/
पुढे फिरते जाते आले, आणि मग पाण्यावर चालणारी मोठी चक्की. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलनच्या मठग्रंथालयात इ.स. ८२० च्या सुमाराचा एका आदर्श मठाचा आराखडा जपलेला आहे. त्यात भिक्षूंच्या ब्रुअरीच्या परिसरातच चक्क्या, उखळे आणि धान्य वाळवण्याची जागा दाखवली आहे. वाळवणे, कुटणे, दळणे आणि उकळणे ही एकाच साखळीची कामे आहेत, हे त्या आराखडाकाराला नेमके ठाऊक होते. उखळ आणि चक्की शेजारी शेजारी असणेही बोलके आहे: एकात दाणा कुटून फुटतो, दुसरीत घासून पीठ होतो.

९/
मात्र मोठी चक्की आली तशी तिची मालकीही आली. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी कुळांना जमीनदाराच्याच चक्कीवर दळण्याची सक्ती असे. सेंट ऑल्बन्सचा मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा खगोलज्ञ आणि घड्याळाचा नामांकित रचनाकार; पण त्यानेच १३३१ च्या सुमारास नगरवासीयांची हातजाती जप्त करून मठाच्या दालनात फरशी म्हणून बसवली. ५० वर्षांनी, १३८१ च्या शेतकरी उठावात, लोकांनी ती फरशी फोडली आणि तिचे तुकडे प्रसादासारखे वाटून घेतले. जाते घरात असणे म्हणजे “जाडसर ठेव” हे ठरवण्याचा हक्क घरात असणे. त्या दगडांमागे हाही एक अर्थ होता.

१०/
दगडी चक्कीचे यंत्रशास्त्र पाहू. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. दोघांवर खाचा कोरलेल्या. त्या बोथट झाल्या की जात्याला टाकी लावतात तशी टाकी लावावी लागते. दाणा मध्यातून आत पडतो आणि कडेकडे सरकत जातो. दोन दगडांमधील अंतर कमी-अधिक करून जाडी ठरते. अडचण अशी की दगड दाण्याला केवळ दाबत नाही, तर घासतो. त्या घासण्यात गराबरोबर टरफलही फाटते. अंतर वाढवावे तर काही दाणे अखंड बाहेर येतात. अखंड दाणा म्हणजे वाया गेलेले माल्ट. हाताला लागणारा स्पर्श आणि चक्कीचा आवाज, एवढीच मोजमापे तेव्हा हाताशी होती.

११/
१७३० च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘द लंडन अँड कंट्री ब्रुअर’ नावाचे पुस्तक निघाले. त्यात माल्ट दळण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे: हा विषय क्षुल्लक वाटतो, पण पेयाचा बराचसा गुण यावरच अवलंबून असतो. फार बारीक दळल्यास पीठ पाण्यात मिसळून वर्ट गढूळ वाहतो; म्हणून दाणा चक्कीत जेमतेम फुटावा. काही जाणकार तपकिरी माल्ट दळून पंधरवडाभर ठेवतात आणि मग वापरतात, असेही तो नोंदवतो. तशा साठवणीत माल्ट हवेतील ओलावा घेते आणि मऊ पडते. ही जुनी युक्ती लक्षात असू द्या. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

१२/
“जेमतेम फुटावा” हा सल्ला त्या काळच्या पद्धतीला साजेसाच होता. एकाच माल्टवर दोन-तीन वेळा गरम पाणी घातले जाई. पहिल्या पाण्याची कडक बिअर, दुसऱ्याची मध्यम, शेवटच्या पाण्याची हलकी, घरातील नोकर-चाकर आणि मुलेही पीत अशी. दाणा जाड असेल तर तो आपले सत्त्व हळूहळू सोडतो आणि तिन्ही खेपांना काही तरी देतो. शिवाय इंग्रजी पिंपात माल्टचा थर बराच खोल असे. खोल थरातून गाळायचे तर तो सैल हवा. म्हणजे जाड दळण ही यंत्राची निव्वळ मर्यादा नव्हती. खोल पिंप आणि तीन पाण्यांची रीत या दोघांशी जुळणारी ती निवड होती.

१३/
या निवडीवर दबाव आणला तो करांनी. इंग्लंडमध्ये १६९७ पासून माल्टवर कर लागू झाला. तो बुशेलच्या मापावर आकारला जाई. १८३० मध्ये बिअरवरील कर रद्द झाल्यावर माल्टवरचा हा बोजा अधिकच महत्त्वाचा ठरला. हिशेब सरळ आहे: कर बुशेलवर ठरलेला असेल, तर त्याच बुशेलमधून जो अधिक वर्ट काढील त्याचा नफा अधिक. चोथ्यात राहिलेला प्रत्येक अखंड दाणा हा कर भरूनही फेकून दिलेला दाणा. अखंड दाणे कमी कसे करावेत, हा प्रश्न आता थेट नफा-तोट्याचा झाला.

१४/
आणि मग वाफ आली. सॅम्युअल व्हिटब्रेडची लंडनमधील चिझवेल स्ट्रीटवरची ब्रुअरी तेव्हाच्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. तिथे घोड्यांनी फिरवायच्या चक्राच्या जागी १७८५ मध्ये बोल्टन आणि वॉट यांचे वाफेचे इंजिन बसले. या इंजिनाला पुढे जी यंत्रे जोडलेली होती, त्यांत माल्ट चिरडणारे रोलर, भरडलेले माल्ट वर चढवणारा आर्किमिडीजचा स्क्रू आणि पंप होते. १७८७ मध्ये राजा तिसरा जॉर्ज स्वतः ही ब्रुअरी पाहायला आला. १७९६ मध्ये व्हिटब्रेडचे वर्षाचे उत्पादन २ लाख बॅरलांवर गेले.

१५/
‘अश्वशक्ती’ हा शब्द आपण मोटारसायकल घेताना सहज वापरतो. त्याच्या मुळाशीही चक्की आहे. घोड्यांनी चक्की फिरवणाऱ्या ग्राहकाला इंजिन विकायचे तर “हे किती घोड्यांचे काम करील?” याचे उत्तर द्यावे लागे. चक्कीला जुंपलेल्या घोड्याच्या कामावरून वॉटने हिशेब बांधला: मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतके काम म्हणजे एक अश्वशक्ती. दळणाची जी किंमत पूर्वी गुडघ्यांनी आणि नंतर घोड्यांनी दिली, ती आता कोळशात मोजली जाऊ लागली.

१६/
रोलरने नेमके काय बदलले? दोन लोखंडी दंडगोल एकमेकांकडे फिरतात. दाणा त्यांच्या फटीत ओढला जातो आणि दाबला जातो. दोन्ही रोलर एकाच वेगाने फिरत असतील तर घासणे जवळजवळ नाही. ठिसूळ गर फुटतो, चिवट टरफल चपटे होते, पण बरेचसे अखंड राहते. दगडाला जे एकाच हालचालीत जमत नव्हते, ते रोलरला जमले: आतले फोडायचे आणि बाहेरचे राखायचे. मात्र एकाच जोडीची फट जाड दाण्याला योग्य असेल तर बारीक दाणा तिच्यातून न फुटताच निसटतो. म्हणून माल्ट आधी चाळून घेणे गरजेचे झाले.

१७/
इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. नवे यंत्र जुन्यापेक्षा चांगले दळते, हे ब्रुअरला कळत कसे होते? १८व्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत वर्टचा कस बोटाला चिकटण्यावरून आणि चवीवरून ठरे. १७६२ मध्ये मायकेल कॉम्ब्रून याने आपल्या ग्रंथातून तापमापकाचा पुरस्कार केला. १७८४ मध्ये हल येथील जॉन रिचर्डसन याने सॅकॅरोमीटर या उपकरणाच्या आधारे वर्टमधील अर्क मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. द्रवाची घनता मोजायची आणि त्यावरून एका बॅरलमध्ये किती पौंड अर्क उतरला ते काढायचे.

१८/
व्हिटब्रेडचे इंजिन आणि रिचर्डसनचे पुस्तक यांत एकाच वर्षाचे अंतर आहे. इतिहास सांगताना आपण बहुधा इंजिनाचे चित्र लावतो. माझ्या मते ते तरंगते उपकरण तितकेच निर्णायक होते. या मोजमापाने एक जुनी समजूत लगेच पाडली: स्वस्त वाटणारे तपकिरी माल्ट फिकट माल्टपेक्षा बरेच कमी अर्क देते, म्हणजे प्रत्यक्षात महाग पडते. पोर्टर या लोकप्रिय गडद बिअरची कृतीच त्यामुळे बदलली. हाच मोजदंड दळणालाही लागू होत होता. रोलरची फट थोडी कमी केली तर किती पौंड अर्क वाढला आणि वर्ट गळायला किती वेळ अधिक लागला, हे आता आकड्यांत मांडता येत होते.

१९/
कर वेगळा असेल तर उत्तरही वेगळे निघते, हे पाहायला उत्तर समुद्र ओलांडू. बेल्जियम तेव्हा नेदरलँड्सच्या राज्यात होता. १८२२ च्या कायद्याने तिथे कर लागला तो माल्टवर नव्हे, तर मॅशच्या पिंपाच्या घनफळावर. मग लोकांनी काय केले? पिंप जितके ठासून भरता येईल तितके भरले. त्यात बिनमोडाचा गहूही असे, आणि गव्हाला जवासारखे टरफल नसते. अशा दाट लगद्यात तळाची गाळणी निरुपयोगी. म्हणून वेताच्या टोपल्या लगद्यात दाबून त्यांच्यात झिरपणारा गढूळ वर्ट उपसून काढत. दुसरीकडे बव्हेरियात १९व्या शतकात करआकारणी चक्क माल्ट भरडण्याच्या टप्प्यावरच होत असे. तिथे अबकारी अधिकाऱ्याची नजर गिरणीवर होती.

२०/
ब्रिटनमध्ये १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टन याने माल्टवरील कर काढून टाकला आणि तो वर्टच्या घनतेवर बसवला. पण सरकारने एक पाचर मारून ठेवली. दोन बुशेल माल्टमधून १०५७ घनतेचा ३६ गॅलन वर्ट निघायलाच हवा, असे गृहीत धरण्यात आले. प्रत्यक्षात कमी निघाला तरी कर या गृहीतकानुसार भरावा लागे. म्हणजे ज्याची गिरणी वाईट, त्याने न निघालेल्या अर्काचाही कर द्यायचा. दळणाची जाडी अशा रीतीने कायद्याच्या तक्त्यात नकळत शिरली.

२१/
याच सुमारास मध्य युरोपात पिठाच्या गिरण्या बदलत होत्या. बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील अभियंता आंद्राश मेखवार्ट याने १८७० च्या दशकात विशेष कडक ओतीव लोखंडाचे रोलर असलेली गिरणी विकसित केली. पिठाच्या गिरणीवाल्याला कोंडा अखंड हवा तो चाळून बाजूला काढण्यासाठी. ब्रुअरला टरफल अखंड हवे ते गाळणी म्हणून वापरण्यासाठी. हेतू उलट, पण यांत्रिक गरज एकच. म्हणून एका धंद्यातले तंत्र दुसऱ्यात सहज गेले.

तिथल्या माल्टला त्याची गरजही होती. इंग्रजी माल्ट पुरते मोडावलेले, ठिसूळ; ते भरडले तरी पुरे. युरोप खंडातील माल्टचे टोक अनेकदा कडकच राही. ते नीट फोडल्याशिवाय साखर सुटत नसे.

२२/
यातून आली सहा रोलरची गिरणी. पहिली जोडी दाणा फक्त चेपते. फट साधारण १.३ ते १.६ मिलिमीटर. मग हलत्या चाळण्या पीठ आणि बारीक रवा लगेच बाजूला काढतात, म्हणजे ते पुन्हा भरडले जात नाही. टरफलांना चिकटलेला गर सोडवण्यासाठी दुसरी जोडी. उरलेली जाड भरड तिसऱ्या जोडीत, जिची फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. एका दाण्याचे तीन वाटे, आणि प्रत्येक वाट्याला वेगळी जाडी. “बारीक की जाड?” या प्रश्नाला “दोन्ही” असे उत्तर देणारी ही पहिली मोठी यंत्ररचना.

पण तिच्या सोबतीला गाळणीही बदलली होती, हे विसरू नये. खोल पिंपाऐवजी उथळ, रुंद पिंप आले. त्यात थर पातळ आणि तो सैल करणारे फिरते सुरे. थर पातळ, म्हणून दळण बारीक चालले.

२३/
हेच सूत्र पुढे टोकाला गेले. २०व्या शतकाच्या आरंभी बेल्जियममधील तूर्ने येथील मरा या कारखान्याने मॅश फिल्टर आणला. उभ्या चौकटींच्या रांगेत कापड ताणलेले. त्यातून वर्ट दाबाने गाळायचा. थराची जाडी अवघी काही सेंटिमीटर. आता गाळायला कापड आहे म्हटल्यावर टरफलांची गरजच संपली. आधुनिक मॅश फिल्टर वापरणाऱ्या ब्रुअरीत हॅमर मिल असते. वेगाने फिरणारे हातोडे दाण्याचा अक्षरशः भुगा करतात. १७३० च्या दशकातील त्या इंग्रजी लेखकाला हे पाहून घाम फुटला असता. पण त्याचा सल्ला चुकीचा नव्हता. त्याची गाळणी वेगळी होती.

२४/
जुनी युक्ती परत भेटेल, असे म्हटले होते. पंधरवडाभर ओलावा घेऊ देण्याऐवजी आज अनेक ब्रुअऱ्यांत दळण्याआधी माल्टवर क्षणभर वाफ किंवा कोमट पाणी सोडतात. ओलावा एक-दोन टक्क्यांनीच वाढतो, तोही मुख्यतः टरफलात. टरफल लवचीक होते, गर कोरडा आणि ठिसूळच राहतो. मग फट कमी केली तरी टरफल फाटत नाही. पोहे मऊ करताना पाणी नुसते शिंपडायचे, भिजवायचे नाही, हे जिला कळते तिला ही प्रक्रिया समजवावी लागणार नाही.

२५/
मोजमापाचाही प्रवास पूर्ण झाला. प्रयोगशाळेत एकाच माल्टचे दोन नमुने दळतात: एक ०.२ मिलिमीटर फटीवर, दुसरा १ मिलिमीटरवर. दोन्हींतून निघणाऱ्या अर्कातील फरक काढतात. फरक थोडा असेल तर माल्ट चांगले मोडावलेले. जाड दळले तरी ते सत्त्व सोडते. म्हणजे ज्या दळणाने माल्टचा कस ठरे, तेच आता माल्ट तपासण्याची कसोटी झाले.

स्कॉटलंडच्या व्हिस्की डिस्टिलऱ्यांत आजही २० टक्के टरफल, ७० टक्के रवा आणि १० टक्के पीठ असे प्रमाण परंपरेने सांगितले जाते. तिथल्या पोर्टियस गिरण्या इतक्या टिकाऊ निघाल्या की नवी कुणाला लागेना आणि कंपनीच बुडाली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण अनेक दशके जुन्या त्या गिरण्या अजून फिरत आहेत, हे खरे.

२६/
व्हिटब्रेडचे इंजिन १८८७ पर्यंत, म्हणजे १०२ वर्षे चालले. नंतर ते ऑस्ट्रेलियाला गेले आणि सिडनीच्या पॉवरहाऊस संग्रहालयात जपले गेले. जगात उरलेल्या सर्वांत जुन्या फिरत्या वाफेच्या इंजिनांपैकी ते एक. पाहणारे त्याच्या प्रचंड चाकापुढे थबकतात, आणि ते योग्यच आहे. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला तिथे आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो: हे चाक जे दळत होते, ते किती बारीक?

२७/
तंत्रज्ञानाचा इतिहास आपण अनेकदा चढत्या पायरीसारखा सांगतो. दगड, मग लोखंड. घोडा, मग वाफ. जाड, मग बारीक. माल्टची गोष्ट या पायरीत बसत नाही. नळीने पिणाऱ्या सुमेरियनाला भरड पुरली, खोल पिंपाच्या इंग्रजाला जाडच हवे होते, कापडाच्या गाळणीवाल्याला भुगा चालला. कराचा तक्ता बदलला की फटही बदलली. प्रत्येकाची गिरणी तिच्यापुढे बसलेल्या गाळणीच्या तंत्राने चालत होती. गिरणी काय करू शकते, हे यंत्र ठरवते. तिने काय करावे, हे पुढची पायरी ठरवते.

२८/
म्हणूनच गिरणीवाला डबा उचलताना विचारतो, “कशासाठी पाहिजे?” किती बारीक, हे त्याने आधी विचारलेले मला आठवत नाही. चार हजार वर्षांच्या खटाटोपाचे सार त्या एका प्रश्नात आहे.

(थ्रेड समाप्त. आपल्याकडच्या दळणाच्या जुन्या पद्धती, घरातल्या जात्याच्या आठवणी किंवा टाकी लावणाऱ्यांविषयी काही ठाऊक असेल तर खाली जरूर लिहा.)